केलची चाळणी दर हिवाळ्यात का होते?

पहिले दोन महिने केल, म्हणजे ती कोबीच्या जातीची पालेभाजी, अशी येते की घरी आलेल्या प्रत्येकाला गच्चीवर नेऊन दाखवावीशी वाटते. निळसर हिरवी, कडेला झालर, पान मोडलं तर करकरीत. मग संक्रांतीच्या आसपास एक दिवस पानांवर पारदर्शक ठिपके दिसतात. आठवड्यात त्यांची भोकं होतात. पंधरा दिवसांत झाड म्हणजे नुसत्या शिरांची चाळणी, आणि आपण नीमतेलाची बाटली हातात धरून उभे.

पुण्यात आमच्या गच्चीवर सलग चार वर्षं हे झालं. दर वर्षी मी नीमतेलाची कंपनी बदलली, माती बदलली, एकदा तर कुंड्यासुद्धा बदलल्या. चौथ्या वर्षी कळलं की फवारणीत चुका होत्याच, पण मूळ दुखणं केलच्या कुंडीत नव्हतंच. ते कठड्याजवळच्या मुळ्याच्या टबात होतं.

मुळ्याकडे येतेच. आधी पान नक्की कोण खातंय ते बघा, कारण तिथेच निम्मी माणसं चुकतात. मीही चुकले होते.

भोक बघून चोर ओळखायचा

पान तोडून उजेडात धरा. आरपार भोक नसून ट्रेसिंग पेपरसारखा पातळ पापुद्रा दिसत असेल, तर कुणीतरी पानाच्या खालच्या बाजूने गर खरवडून खाल्लाय आणि वरची त्वचा तशीच ठेवली आहे. हे काम चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीचं. नर्सरीवाले तिला डायमंडबॅक मॉथ म्हणतात. कोबी-फ्लॉवर लावणाऱ्या शेतकऱ्याला ही नको इतकी ओळखीची असते. अळी जेमतेम सेंटिमीटरभर, पोपटी, दोन्ही टोकांना निमुळती. शिरेला चिकटून पडली की शिरेचाच भाग वाटते.

खात्री करायची असेल तर काडीने हलकेच डिवचा. ती अंगात आल्यासारखी वळवळत मागे सरकते आणि पानावरून उडी टाकून रेशमाच्या धाग्यावर लोंबकळते. थोड्या वेळाने त्याच धाग्यावरून परत वर चढते. माझ्या गच्चीवर दुसऱ्या कुठल्या अळीने हे नाटक केलेलं मी पाहिलेलं नाही. पानाच्या पाठीवर पांढऱ्या जाळीच्या छोट्याशा पिशवीत हिरवट कोष दिसला तर तोही हिचाच. पतंग राखाडी-तपकिरी, बोटाच्या नखाएवढा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकटींची रांग दिसते. दिवसा दिसत नाही, तिन्हीसांजेला कुंडी हलवली की दोन-चार भुर्रकन उडतात.

पानाचे मोठे लचके गेले असतील आणि खाली काळी-हिरवी लेंडी पडली असेल, तर ती बहुतेक तंबाखूची पानं खाणारी अळी असते. ती सोपी. तिची मादी अंडी एका गठ्ठ्यात घालते आणि वर तपकिरी केसांचं पांघरूण घालते. तो गठ्ठा असलेलं पान तेवढं तोडलं की विषय संपला. चकचकीत चिकट रेघ दिसली तर गोगलगाय. रात्री दहाला टॉर्च घेऊन जा आणि उचला.

पानं भोकं न पडता आतल्या बाजूला मुडपत असतील, बोटाला चिकट लागत असतील आणि खोडावर मुंग्यांची ये-जा सुरू असेल, तर तो मावा. केलवरचा मावा राखाडी दिसतो, पीठ भुरभुरल्यासारखा. मुंग्यांना त्याचा गोड चिकटा हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात. मावा दिसायच्या आधी मुंग्या दिसतात, ही माझ्यासाठी सगळ्यात उपयोगाची खूण ठरली.

फवारणी का लागू पडत नव्हती

पहिली तीन वर्षं मी दर रविवारी सकाळी पंपाने वरून नीमतेल मारत होते. यात तीन चुका होत्या.

केलच्या पानावर मेणाचा थर असतो. त्यावर साधं फवारलेलं पाणी म्हणजे अक्षरशः अळवावरचं पाणी, थेंब गोळा होऊन घरंगळतात आणि कुंडीत पडतात. मी झाडाला औषध देते आहे असं समजत होते, प्रत्यक्षात मातीला देत होते. एक लिटर कोमट पाण्यात आधी ५ मिली सौम्य लिक्विड साबण हलवून घ्यायचा, मग ५ मिली नीमतेल घालून पाणी दुधाळ होईपर्यंत घुसळायचं. वर तेलाचा तवंग दिसत असेल तर ते फवारू नका, पानं भाजतात. कपड्यांची पावडर वापरायची नाही. हा प्रयोगही करून झालाय, पानांच्या कडा जळाल्या.

दुसरी चूक वरून मारण्याची. अळी, कोष, मावा सगळे पानाच्या पोटाशी. पंपाचं नोझल वर वळवून खालून मारायला लागतं, आणि त्यासाठी गुडघ्यावर बसायला लागतं. झालरीच्या केलला तर खालून मारलं तरी मावा मुडपीत बसून हसतो. म्हणून मी झालरीची केल जवळजवळ बंद केली. लांबट, सपाट, खरबरीत पानांची इटालियन केल किंवा सरळ काश्मिरी हाक लावते. हाक हे केलचंच सख्खं भावंड, आणि त्याच्या सपाट पानावर बोट फिरवलं की सगळं निघून येतं. फोटो मात्र झालरीचाच चांगला येतो, हे मान्य.

तिसरी चूक वेळेची. सकाळी मारलेलं नीमतेल उन्हात तापतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारायचं.

अळीचा जोर असेल तर नीमतेलावर वेळ घालवू नका, बीटी पावडर आणा. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, हा एक जिवाणू आहे. अळीने तो पानाबरोबर खाल्ला की तिचं खाणं काही तासांत थांबतं आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. म्हणजे दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून "औषध नकली आहे" असं म्हणून डबा फेकू नका. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण घ्या, त्यात साबणाचे दोन थेंब टाका, संध्याकाळी मारा. उन्हात त्याची ताकद जाते. आणि पाच ते सात दिवसांनी परत मारा, कारण अंड्यांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. आपल्याकडच्या हवेत या पतंगाची अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होतो. एकदा मारून महिनाभर गप्प बसलो तर त्या महिन्यात पुढची अख्खी पिढी तयार होते. बीटी पहिल्यांदा आणली तेव्हा माझं तेच झालं.

मात्र बीटीसुद्धा सवयीने दर आठवड्याला मारत बसू नका. पिकांवरच्या किडींमध्ये डीडीटी या कीटकनाशकाला दाद न देणारी पहिली म्हणून याच पतंगाची नोंद झाली, १९५३ साली, जावा बेटावर. पुढे १९९० च्या सुमाराला शेतात बीटीलाही सरावणारी पहिली कीड हीच ठरली. इतक्या मुरलेल्या गड्याशी एकाच हत्याराने लढून भागत नाही. मी एका हंगामात बीटी दोन-तीनदाच वापरते, बाकी हात आणि डोळे.

तरी दर वर्षी येते कुठून?

हा प्रश्न मला फार उशिरा पडला. केल तर मी मार्चमध्ये उपटत होते. माती उन्हात वाळवत होते. मग ऑक्टोबरात नवी रोपं लावली की जानेवारीत तीच अळी हजर. आजूबाजूला शेत नाही, खाली पार्किंग, समोर बँक.

आमच्या सासूबाईंना डिंगऱ्यांची भाजी जीव की प्राण. मुळा फुलावर गेला की त्याला ज्या शेंगा धरतात त्या डिंगऱ्या. त्यासाठी कठड्याजवळ एक मोठा टब कायमचा त्यांचा. हिवाळ्यात मुळे, डिसेंबरपासून मार्चपर्यंत डिंगऱ्या, पावसाळ्यात पुन्हा पाल्यासाठी मुळा. चौथ्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला, केलवर अजून एकही ठिपका नसताना, मी डिंगऱ्या तोडायला बसले आणि मुळ्याचं एक जून पान उलटलं. त्याच्या पाठीवर सात अळ्या आणि चार कोष. शेंड्याला, फुलांच्या देठाशी, मावा असा दाटला होता की देठ दिसत नव्हता.

मुळा, मोहरी, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, अळीव आणि केल हे सगळं एकच खानदान. या पतंगाला त्यातलं कुठलंही घर चालतं. आमच्या गच्चीवर जवळजवळ बाराही महिने त्याचं एक तरी घर उघडं होतं. पावसाळ्यात मुसळधार पावसाने लहान अळ्या धुऊन जातात, म्हणून तेव्हा संख्या कमी असते आणि आपल्याला वाटतं की गेली. ती टबात दम धरून असते. थंडी पडली, पाऊस थांबला, केलची कोवळी पानं आली की पाहुणे चार फुटांवरच्या नव्या घरात.

"आई, हा टब या वर्षी काढू या का?" असं मी विचारून पाहिलं.

"अगं, तुझ्या त्या केलसाठी माझ्या डिंगऱ्या काढायच्या?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यात "त्या" या शब्दावर जो जोर होता, त्यानंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही.

मग मी मुळ्यावर जाळी घातली. पतंग आतच राहील, केलकडे येणार नाही, असं गणित. त्या वर्षी मुळा भरपूर फुलला आणि डिंगरी एक धरली नाही. मुळ्याच्या फुलाला शेंग धरायला मधमाशी लागते, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. जाळीत मधमाशी कुठून येणार? घरात तीन दिवस याच विषयावर बोलणं चाललं होतं.

उलटं करायला हवं होतं. केलला आपण फुलू देतच नाही, पानंच खायची आहेत, तिला मधमाशीचं काही देणंघेणं नाही. म्हणजे जाळी केलवर, आयुष्यभर, आणि मुळा उघडा. तेव्हापासून हेच चालू आहे.

जाळी घालताना

जाळी बी टाकल्या दिवसापासून ट्रेवर हवी. मी पहिल्यांदा मोठ्या झाडांवर घातली तेव्हा पानांवर अंडी आधीच होती. पंधरा दिवसांनी उघडून बघते तर आत अळ्यांचं संमेलन, आणि बाहेरचा एकही पक्षी किंवा गांधीलमाशी त्यांना खायला आत जाऊ शकत नव्हती. आपणच दार लावून त्यांना संरक्षण दिलं होतं. त्यामुळे रोपं कुंडीत लावताना प्रत्येक पान उलटून बघा, मगच झाका.

नर्सरीत ४० मेशचं इन्सेक्ट नेट मिळतं, तेच घ्या. पक्ष्यांसाठीची मोठ्या भोकांची जाळी उपयोगाची नाही. वाकवलेल्या पाइपच्या कमानी करून त्यावर नेट टाका, म्हणजे ते पानांना टेकणार नाही. टेकलं तर पतंग बाहेर बसून आतल्या पानावर अंडी घालू शकतो. खालच्या कडा विटांनी दाबा. या नेटमधून पतंग जात नाही, पण मावा कधीतरी घुसतोच, त्यामुळे आठवड्यातून एकदा उघडून बघणं सुटत नाही.

मावा थोडा असेल तर औषधाचं नाव काढू नका. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून मारा, तीन-चार दिवस सलग. पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही. माव्यामध्ये काही किडे फुगलेले, तपकिरी, कागदी टरफलासारखे दिसले तर ती पानं राहू द्या. एका चिमुकल्या गांधीलमाशीने त्यांच्या पोटात अंडी घातलेली असतात आणि त्यातून तिची पिल्लं बाहेर येऊन उरलेल्या माव्याचा समाचार घेतात. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली, छोट्या मगरीसारखी दिसणारी अळी दिसली तर तिलाही हात लावू नका. ते लेडीबर्डचं पिल्लू. मी पहिल्या वर्षी अशी वीसेक चिरडली, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

संध्याकाळी झाडांवर पाणी शिंपडलं तर पतंगाला अंडी घालायला अडचण होते, हे खरं आहे. मी एक हंगाम ते केलं. पतंग कमी झाले, पण रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर घाण्या रोग आला. पानाच्या कडेपासून आत येणारा इंग्रजी व्हीच्या आकाराचा पिवळा डाग आणि त्यातल्या शिरा काळ्या, ही त्याची खूण. त्यावर घरगुती इलाज नाही, झाड उपटून कचऱ्यात टाकायचं, कंपोस्टमध्ये नाही. हा रोग बियातूनही येतो, म्हणून बी घरचं किंवा सुटं घेतलेलं असेल तर ५० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं बुडवून, गार करून, वाळवून मग पेरा. थर्मामीटर वापरा. अंदाजाने केलं तर बी शिजतं.

मुळ्याचा टब आता काय करतो

बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोबीसाठी एक पद्धत सुचवली आहे. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी, एक लागवडीच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. पतंगाला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते, तो तिकडे जातो. घरी बाग करणारे बरेच जण हे कुठून तरी ऐकून कोपऱ्यात मोहरी टाकतात आणि विसरतात. मोहरी हा सापळा आहे, आणि सापळ्यातला उंदीर काढायला लागतो. मोहरीवरची कीड सतत मारत राहिलं तरच तो सापळा, नाहीतर पाळणाघर. आमचा मुळा चार वर्षं पाळणाघर होता.

आता दर शनिवारी सकाळी मी आणि सासूबाई टबाशी बसतो. त्या डिंगऱ्या तोडतात, मी पानं उलटते. खालची जून पानं काढून टाकायची, अळ्या साबणाच्या पाण्याच्या डब्यात, माव्याचा शेंडा सरळ खुडायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम. मधमाश्या फुलांवर येत असतात म्हणून मुळ्यावर फवारणी करत नाही. पावसाळ्यातला मुळा आम्ही बंद केला. त्या जागी अंबाडी लावतो. तिचं खानदान वेगळं, त्यामुळे जून ते सप्टेंबर पतंगाला आमच्याकडे घर नाही. सासूबाईंना अंबाडीही आवडते, हे माझं नशीब.

बी कधी टाकायचं याचंही एक सांगते. डिसेंबरात नर्सरीत रोपं दिसली म्हणून लावणारे सगळे या चक्रात अडकतात, कारण झाड वाढायच्या वेळेलाच अळीचा जोर असतो. मी घट बसतात त्या दिवशी ट्रेमध्ये बी टाकते. लक्ष्मीपूजनापर्यंत रोप बरोबर एक महिन्याचं होतं आणि भाऊबीज झाली की कुंडीत जातं. डिसेंबरपासून पानं मिळतात, म्हणजे जानेवारीत अळी आलीच तरी झाड तिला पुरून उरतं. खत बेताचं. दर आठवड्याला भरपूर शेणस्लरी दिली तर पानं लुसलुशीत होतात आणि मावा तिथेच आधी जातो. महिन्यातून एकदा ओंजळभर गांडूळखत पुरतं.

बाकी तक्रारी थोडक्यात. खालची एक-दोन पानं पिवळी पडणं म्हणजे रोग नव्हे, म्हातारपण आहे, तोडा. ट्रेमधली रोपं बुडाशी काळी पडून आडवी होत असतील तर पाणी जास्त होतंय. फेब्रुवारीअखेर पानं कडू लागली तर तो उन्हाचा परिणाम, काही करता येत नाही. पीठ पेरून भाजी करा किंवा थालीपिठात ढकला, कडूपणा दडतो. शिजवण्याआधी पानं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. जे काही आत उरलं असेल ते वर तरंगतं.

होळीच्या आत केलची सगळी झाडं मुळासकट बाहेर. मार्चमध्ये दोन पानं मिळतात म्हणून एखादं ठेवायचा मोह होतो, मलाही दर वर्षी होतो. मागच्या वर्षी एक ठेवलं होतं, पाण्याच्या टाकीमागे, कुणाला दिसणार नाही असं. सासूबाईंनीच ते शोधून उपटलं आणि माझ्या हातात आणून दिलं. पानाच्या पाठीवर तीन कोष होते.